आज दहावीत असणाऱ्यांसाठी लिहायची घटना

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की मराठवाड्यातील महाविद्यालयांत वाचन, निसर्ग, नाट्य अशा विषयांची मंडळे नव्याने उभी राहतात आणि त्यांच्यापाठोपाठ घटनेचा, म्हणजे मंडळाच्या लेखी नियमावलीचा, प्रश्नही येतो. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची, मंडळांची आणि महाविद्यालयांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही सोळा मुले-मुली मिळून परिसरातील बारवा, शिलालेख आणि जुनी मंदिरे यांच्या अभ्यासाचे मंडळ सुरू करत आहोत. प्राचार्यांनी आधी घटना लिहून आणण्यास सांगितले आहे. मोठ्या शहरातील एका महाविद्यालयाच्या मंडळाची घटना आम्हाला मिळाली आहे. ती सव्वीस पानांची असून तिच्यात सात उपसमित्या आहेत. नावे बदलून तीच वापरावी का? घटनेत नेमके काय असावे? मंडळाची नोंदणी करावी लागते का?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : नोंदणीचा मुद्दा आधी पाहू, कारण तो लवकर संपणारा आहे. महाविद्यालयाच्या मान्यतेने आणि त्याच्या आवारात चालणाऱ्या विद्यार्थी मंडळाला सरकारी नोंदणीची गरज नसते. प्राचार्यांची लेखी मान्यता आणि तुमच्या सभेने संमत केलेली घटना एवढ्यावर काम सुरू करता येते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात हे खरे. परंतु महाराष्ट्रात अशा संस्थेला बहुधा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदाही लागू होतो आणि मग पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज दाखल करणे, दरवर्षी हिशेबांचे लेखापरीक्षण करून घेणे ही कामे मागे लागतात. ज्या मंडळाची कार्यकारिणी दरवर्षी बदलणार आहे आणि ज्याची जमा काही हजारांपलीकडे जाणार नाही, त्याने हा भार अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकत्र येण्याचा तुमचा अधिकार नोंदणीतून येत नाही. तो संविधानाच्या अनुच्छेद १९ ने तुम्हाला दिलेला आहे.

त्या १८६० च्या कायद्यातील एक तरतूद मात्र तुम्ही अवश्य उचलावी. संस्था विसर्जित झाली तर तिची मालमत्ता सभासदांनी आपसांत वाटून घ्यायची नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते, असे त्यात म्हटले आहे. तुमच्याकडे उद्या पुस्तके, मोजमापाच्या टेप, छायाचित्रे आणि शिलालेखांचे ठसे जमतील. मंडळ बंद पडल्यास हे सर्व महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे जाईल, एवढे एक वाक्य घटनेत असू द्या.

आता त्या सव्वीस पानांविषयी. ती घटना वाईट असेल असे नाही, पण ती दुसऱ्यांच्या अडचणींतून घडलेली आहे आणि तुमच्या अडचणी वेगळ्या आहेत. सोळा जणांना सात उपसमित्यांत वाटले तर प्रत्येकाकडे पद येईल, काम कोणाकडेच राहणार नाही. घटना तीन-चार पानांची ठेवा आणि ती कोणासाठी लिहीत आहात याचा आधी नीट विचार करा. विद्यार्थी मंडळ इतर सर्व संस्थांपेक्षा एका बाबतीत वेगळे असते : त्याचे सगळेच्या सगळे सभासद तीन-चार वर्षांत बदलतात. आज सभेत बसलेल्या सोळा जणांपैकी एकही जण तेव्हा तेथे नसेल. ज्यांना ही घटना वापरावी लागणार आहे, ती मुले आज तुमच्याच तालुक्यातील एखाद्या गावात दहावीला आहेत. तुम्ही एकमेकांना ओळखता, त्यामुळे ‘ते आपण बघून घेऊ’ म्हणून कित्येक गोष्टी तुम्हाला सोडून देता येतील. त्यांना त्या सोडता येणार नाहीत. म्हणून प्रत्येक कलम लिहिताना निर्णय कोण घेणार, कधीपर्यंत, किती मतांनी आणि तो मान्य नसलेल्याने कोणाकडे जायचे, हे अशा माणसाला कळेल असे लिहा की ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलेही नाही.

उद्देशांचे कलम दोन-तीन वाक्यांत आटोपावे. तुमच्या विषयाला एक काळजी जास्त लागते. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यासारखी लेणी किंवा एखादी बारव संरक्षित स्मारक असेल, तर केंद्राचा १९५८ चा किंवा राज्याचा १९६० चा कायदा लागू होतो. तेथे उत्साहाच्या भरात खोदणे, रंग देणे किंवा दगड हलवणे हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून उद्देशात ‘अभ्यास, मोजमाप व नोंद’ असे लिहावे आणि गाळ काढण्यासारखे कोणतेही काम संबंधित खात्याच्या किंवा मालकाच्या लेखी परवानगीनंतरच होईल, असे जोडावे. सभासदत्व महाविद्यालयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला खुले ठेवा. इतिहास विषय घेतलेल्यांपुरते ते मर्यादित करू नका. बारवेचे मोजमाप घेताना गणिताची मुले फार उपयोगी पडतात. जात, धर्म, लिंग, भाषा किंवा शाखा यांमुळे कोणालाही सभासदत्व नाकारले जाणार नाही, हे वाक्य शोभेसाठी लिहू नका. ज्याला नकार मिळाला त्याला कारण लेखी मिळेल आणि सर्वसाधारण सभेकडे दाद मागता येईल, हेही त्याच कलमात हवे.

सर्वांत जास्त वेळ सभेविषयीच्या कलमांना द्या. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी ‘सभा सायंकाळी सात वाजता’ असे लिहिले तर त्यांचे काही बिघडत नाही. तुमच्या मंडळात केज, धारूर, परळी, रेणापूर या भागांतल्या गावांतून एसटीने ये-जा करणारी मुले असतील. गावाकडची शेवटची गाडी गेली की त्यांच्यापुढे, आणि मुलींपुढे तर विशेषच, घरी जाण्याचा मार्ग उरत नाही. अशा मंडळात सायंकाळी घेतलेले निर्णय शहरात खोली करून राहणाऱ्यांचेच होतात आणि वर्षभरात बाहेरगावची मुले यायची थांबतात. म्हणून सभा महाविद्यालयाच्या वेळेतच भरेल आणि चार वाजण्यापूर्वी संपेल, विषयपत्रिकेसह सूचना किमान सात दिवस आधी फलकावर लागेल, आणि विषयपत्रिकेत नसलेल्या विषयावर निर्णय होणार नाही, असे घटनेतच लिहावे. फोनवरच्या गटात संदेश जरूर पाठवा, पण सूचना म्हणून गणली जाईल ती फलकावरचीच, कारण घरातला एकच फोन भावाबरोबर वाटून घेणाऱ्या मुलीपर्यंत संदेश वेळेवर पोहोचेलच असे नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी सुरू झाली की बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे कारखान्यांच्या भागात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्या घरांतील शिकणाऱ्या मुलामुलींवर म्हातारी माणसे, धाकटी भावंडे आणि जनावरे सांभाळण्याची जबाबदारी येते. काही जण स्वतःच कोयता हाती घेतात. त्यांची हजेरी याच काळात तुटते. म्हणून घटनादुरुस्ती आणि वर्गणीवाढ ही दोन कामे नोव्हेंबर ते मार्च या काळात होणार नाहीत, अशी तरतूद करा. वार्षिक सर्वसाधारण सभेला सप्टेंबर उत्तम. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनासाठी महाविद्यालयात बहुतेक सगळे येतात. तोच आठवडा ठरवून टाका.

गणपूर्ती, म्हणजे ज्याला आपण नेहमी कोरम म्हणतो, ती संसदेच्या सभागृहाला एक-दशांश आहे. तोच आकडा सोळा जणांच्या मंडळाने घेतला तर दोघे बसून सभा भरवतील. तुम्ही साध्या सभेसाठी एक-तृतीयांश आणि घटनादुरुस्तीसाठी निम्मी गणपूर्ती ठेवा. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली साधी सभा आठवड्याने त्याच विषयपत्रिकेवर, हजर असतील त्यांच्यात घेता येईल. दुरुस्तीच्या सभेला ही सवलत नको. दुरुस्तीसाठी संविधानाच्या अनुच्छेद ३६८ मधील दुहेरी बहुमताचा नमुना फार चांगला आहे : एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिक आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश. समजा सभासद चाळीस झाले आणि छत्तीस जणांनी मतदान केले, तर चोवीस मते लागतील. वीसच जण आले, तर सगळे एकमत असूनही दुरुस्ती होणार नाही, कारण निदान एकवीस मते हवीत.

निवडणूक जूनमध्ये किंवा ऑगस्टमध्ये घेण्याची प्रथा अनेक मंडळांत आहे आणि मंडळे बंद पडण्याचे ते मोठे कारण आहे. तोपर्यंत तिसऱ्या वर्षाची मुले निघून गेलेली असतात. वह्या कोणाच्या घरी आहेत, परवानग्या कोणाकडून घेतल्या होत्या, हे सांगायला कोणी नसते. निवडणूक फेब्रुवारीत घ्या, नवी कार्यकारिणी १ मार्चला काम हाती घेऊ द्या आणि जुन्या कार्यकारिणीने परीक्षांपूर्वी इतिवृत्ताची वही, सभासद नोंदवही, हिशेब आणि वस्तूंची यादी सही करून सोपवावी, असे कलम लिहा. फेब्रुवारी हा हंगामातलाच महिना आहे, त्यामुळे मतदान एका सभेत उरकू नका. मतपेटी तीन दिवस ग्रंथालयात ठेवली आणि गुप्त मतदान घेतले, तर आठवड्यातून एकदाच येऊ शकणाऱ्यालाही मत देण्याची संधी मिळते. उपाध्यक्ष आणि सहसचिव शेवटच्या वर्षातील नसावेत, एवढी अट घातली तरी मंडळाची सलगता पुष्कळ टिकते.

मसुदा तयार झाला की तो सोळाही जणांसमोर कलमवार वाचा आणि प्रत्येक कलमावर दुरुस्ती सुचवू द्या. देशाच्या संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतील २,४७३ संविधान सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. तेव्हा तुमच्या मसुद्यावर दहा हरकती आल्या तर वाईट वाटून घेऊ नका. घटना संमत झाल्याचा दिनांक, सूचक, अनुमोदक आणि सर्वांच्या सह्या शेवटच्या पानावर घ्या. एक प्रत प्राचार्यांच्या कार्यालयात आणि एक ग्रंथालयात ठेवा.

प्रश्न : आमच्या विज्ञान मंडळाचे अध्यक्ष सलग तिसऱ्या वर्षी पदावर आहेत. दोन सभासदांनी हिशेब मागितला, तेव्हा त्यांना व्हॉट्सॲप गटातून काढले आणि सभासदत्व रद्द झाल्याचे सांगितले. घटनेत अध्यक्षांना दूर करण्याची तरतूद नाही. आम्ही काय करावे?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : गटातून काढणे म्हणजे सभासदत्वातून काढणे नव्हे. ज्यांनी वर्गणी भरली आहे आणि ज्यांचे नाव नोंदवहीत आहे, ते सभासद आहेत. त्यांना काढायचे तर आरोप लेखी द्यावा लागतो, उत्तरासाठी वेळ द्यावा लागतो आणि ज्याच्याशी वाद आहे त्या व्यक्तीला निर्णय देणाऱ्यांत बसता येत नाही. हे तुमच्या घटनेत लिहिलेले नसले तरी न्यायाचे हे प्राथमिक नियम कोणत्याही संस्थेने पाळायचे असतात. हिशेब मागणे हा तर सभासदाचा हक्क आहे. ती कारवाईची सबब होऊच शकत नाही.

आजच्या परिस्थितीत तुम्ही सभासदांच्या सह्यांनिशी सचिवांकडे विशेष सर्वसाधारण सभेची लेखी मागणी करा, तिची प्रत मार्गदर्शक शिक्षकांना आणि प्राचार्यांना द्या आणि पोच घ्या. कार्यकारिणीला अधिकार सर्वसाधारण सभेकडूनच मिळालेले असतात, त्यामुळे घटना मौन बाळगते तेथे सभेचा शब्द चालतो. त्या सभेत आधी हिशेब मागा आणि अविश्वासाचा विषय त्यानंतर घ्या. मूळ तक्रार हिशेबाची आहे, व्यक्तीची नाही, हे सर्वांना दिसले पाहिजे.

त्यानंतर घटना दुरुस्त करा. एक-पंचमांश सभासदांनी मागणी केल्यास सचिवांनी दहा दिवसांत सभा बोलावलीच पाहिजे, न बोलावल्यास मागणी करणाऱ्यांना ती बोलावता येईल, आणि अध्यक्षांविरुद्धचा विषय असेल त्या सभेचे अध्यक्षस्थान दुसऱ्याकडे जाईल, ही तीन वाक्ये आधी असती तर तुमच्यावर ही वेळ आली नसती. मुदतीसाठी लिंगडोह समितीकडे पाहता येईल. तिच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्वीकारल्या. त्या विद्यार्थी संघांच्या निवडणुकांसाठी आहेत, तुमच्यासारख्या अभ्यास मंडळावर बंधनकारक नाहीत. पण पदाधिकारीपदाची निवडणूक एकदाच आणि कार्यकारिणी सदस्यत्वाची दोनदा लढवता यावी, हा त्यांतील नियम घेण्यासारखा आहे. त्याच समितीची ७५ टक्के हजेरीची अट मात्र घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या भागात हजेरी कमी असणारा विद्यार्थी आळशीच असतो असे नाही. वर अंबाजोगाईच्या उत्तरात हंगामाविषयी जे लिहिले आहे, ते परभणीच्या मुलांनाही लागू आहे. उमेदवाराने वर्षातील निम्म्या उपक्रमांत भाग घेतलेला असावा, एवढी अट पुरेशी आहे.

शिस्तभंगाचे कलम लिहिताना एक मर्यादा घाला. रॅगिंग किंवा लैंगिक छळाची तक्रार मंडळाच्या कार्यकारिणीने मिटवायची नाही. ती लगेच महाविद्यालयाच्या रॅगिंग प्रतिबंधक समितीकडे किंवा अंतर्गत तक्रार समितीकडे गेली पाहिजे. मैत्रीखातर अशा तक्रारी दाबल्या जातात आणि सोसावे लागते ते तक्रार करणाऱ्या मुलीला.

प्रश्न : महाविद्यालयाने मला एका नव्या मंडळाचा मार्गदर्शक नेमले आहे. विद्यार्थ्यांनी मसुद्यात ‘मार्गदर्शकांचा निर्णय अंतिम राहील’ असे आदराने लिहिले आहे. ते मला योग्य वाटत नाही. पण सहलीत काही विपरीत घडले तर जबाबदारी माझ्यावर येईल, हेही खरे. मी तासिका तत्त्वावर काम करतो आणि पुढील वर्षी येथे असेनच असे नाही.
— एक प्राध्यापक, उदगीर

उत्तर : सर, आपला संकोच योग्य आहे आणि ते वाक्य काढून टाकावे. आपली जबाबदारी जेवढ्या क्षेत्रात आहे, तेवढ्याच क्षेत्रात आपल्याला थांबवण्याचा अधिकार हवा : विद्यार्थ्यांची सुरक्षितता, कायद्याचे पालन आणि महाविद्यालयाचा पैसा. सहलीची गाडी, पालकांची संमती, मुलींसोबत शिक्षिका, किल्ल्यावर किंवा पाण्यापाशी जाण्याची वेळ यांबाबत आपली लेखी मान्यता असल्याशिवाय कार्यक्रम होणार नाही, असे स्पष्ट लिहावे. कोणत्या विषयावर चर्चा घ्यावी, वक्ता कोण असावा, भित्तिपत्रकात काय छापावे, येथे आपण सल्ला द्यावा. मत मात्र सभासदांचे चालावे. आपण एखादी गोष्ट थांबवली, तर कारण तीन दिवसांत लेखी द्यावे आणि विद्यार्थ्यांना प्राचार्यांकडे दाद मागता यावी. सर्व सभांना हजर राहण्याचा आणि हिशेब पाहण्याचा हक्क आपल्याला असावा, मतदानाचा नसावा.

कारण लेखी देण्याचा मी आग्रह धरतो, त्याला आपल्या भागाचा इतिहासही आहे. निजामाच्या राजवटीत १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्यावरून औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढण्यात आले, आणि त्यांतील अनेकांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. ज्या प्रदेशातील विद्यार्थ्यांनी एकत्र येण्याची आणि बोलण्याची अशी किंमत दिली, तेथील मंडळाच्या घटनेत विनाकारण नकाराला जागा असू नये.

आपण पुढील वर्षी नसाल ही शक्यता तर घटनेला फार महत्त्वाची माहिती आहे. आपल्याकडील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील अध्यापकांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्याबरोबर मंडळाची सगळी आठवणही निघून जाते. म्हणून मार्गदर्शकाची नेमणूक प्राचार्य दरवर्षी करतील आणि पद रिक्त झाल्यास तीस दिवसांत नवा मार्गदर्शक देतील, असे लिहा. मंडळाची कागदपत्रे मार्गदर्शकाच्या कपाटात राहू नयेत. त्यांची जागा ग्रंथालयात असावी. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना समजावून सांगा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील विद्यार्थी परिषद ही कायद्याने स्थापन होणारी संस्था आहे, मंडळ तशी संस्था नाही. ‘सर्व विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व’ असे शब्द मसुद्यात असतील तर ते काढावेत.

प्रश्न : आमच्या मंडळाची वर्गणी खजिनदाराच्या वैयक्तिक यूपीआय खात्यावर जमा होते. बँकेने मंडळाच्या नावे खाते उघडण्यास नकार दिला. घटनेत काय लिहावे?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर : नोंदणी नसलेल्या मंडळाला बँकेने खाते नाकारले याचे नवल वाटू नये. वर्गणी महाविद्यालयाच्या कार्यालयात, महाविद्यालयाच्या पावतीवर जमा करावी आणि त्यांच्या हिशेबात मंडळाच्या नावाचे वेगळे शीर्ष उघडून घ्यावे. प्राचार्यांना तसा अर्ज द्या. बहुतेक ठिकाणी हे होऊ शकते. खर्चाच्या मागणीवर अध्यक्ष आणि खजिनदार या दोघांच्या सह्या असाव्यात आणि मार्गदर्शकांचा शेरा असावा.

किरकोळ खर्चासाठी खजिनदाराजवळ ठेवायच्या रोख रकमेची मर्यादा घटनेत आकड्यानिशी लिहा. कार्यक्रमाच्या दिवशी वैयक्तिक यूपीआयचा वापर टाळता आला नाही, तर रक्कम लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी कार्यालयात जमा व्हावी आणि पैसे देणाऱ्याला छापील पावती मिळावी. फोनवरील छायाचित्र पावती मानू नये. खजिनदार अठरा वर्षे पूर्ण केलेला असावा, कारण भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक होत नाही, आणि मंडप, गाडी, छपाई हे सर्व शेवटी करारच असतात. अकरावी-बारावीची मुले सभासद असतील तर हे विशेष लक्षात ठेवा. दर महिन्याचा जमाखर्च फलकावर लावा. वर्षअखेरीस कार्यकारिणीबाहेरील दोन सभासदांनी पावत्या आणि रोजकीर्द ताडून पाहावी आणि त्यांची सही झाल्यावरच नव्या खजिनदाराने शिल्लक ताब्यात घ्यावी.